वाचकांचे प्रश्न : डोंगरावर चित्र नीट का बसत नाही?

या वेळच्या टपालात उपग्रहाची किंवा ड्रोनची चित्रं त्रिमितीय भूरूपावर पांघरण्याबद्दलचे प्रश्न इतके होते की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांची तक्रार ‘रेंडरिंग बिघडलंय’ अशी आहे. पण पत्रांतला तपशील नीट वाचला, तर ग्राफिक्स कार्ड बहुधा निर्दोष असतं. घोळ आकड्यांत असतो. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांची सुरुवात पॅराव्ह्यू या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरच्या ‘इन्फर्मेशन’ खिडकीपासून होते.

प्रश्न : सिंहगड परिसराचा ३० मीटरचा डीईएम (दर ३० मीटरवरच्या उंचीच्या आकड्यांची जाळी) जिओटिफ स्वरूपात पॅराव्ह्यूमध्ये उघडला आणि ‘वॉर्प बाय स्केलर’ (आकड्यांनुसार पृष्ठ वर उचलणारा फिल्टर) लावलं. डोंगरांऐवजी सुया उभ्या राहिल्या. वरून चित्र पांघरलं तर ते सरकलेलं आणि उलटं दिसतं. कुठे चुकतंय? (भूशास्त्राची विद्यार्थिनी, एरंडवणे)

यात तीन वेगवेगळे घोळ आहेत, एकेक करून सोडवा.

आधी सुया. डीईएम उघडल्यावर ‘इन्फर्मेशन’मध्ये ‘बाउंड्स’, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीच्या मर्यादा, पाहा. दहा किलोमीटर लांबीरुंदीचा तुकडा असेल, तर त्यात साधारण ३३४ गुणिले ३३४ बिंदू असतात. साध्या टिफ रीडरला जमिनीवरचे निर्देशांक कळत नाहीत, त्यामुळे दोन बिंदूंमधलं अंतर तो बहुतेक वेळा १ धरतो. म्हणजे आडवी लांबी ० ते ३३३, आणि उंची मात्र मीटरमध्ये, पायथ्याला सहाशेच्या आसपास आणि माथ्यावर तेराशेच्या. साडेतीनशेही नसलेल्या रुंदीवर सातशेचा डोंगर उभा केला, तर सुयाच दिसणार. ‘वॉर्प’च्या आधी ‘ट्रान्सफॉर्म’ फिल्टर लावा आणि ‘स्केल’मध्ये ३०, ३०, १ भरा. आता बाउंड्स ० ते ९,९९० दिसतील. मग वॉर्पचा ‘स्केल फॅक्टर’ १ ठेवा. उठाव हवा असेल तर १.५ करा; २ च्या पुढे गेलात तर सिंहगडाचा लिंगाणा होतो.

डीईएम अक्षांश-रेखांशात असेल तर हेच दुखणं कित्येक पटींनी वाढतं, कारण तिथे आडवं एकक अंश आहे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि पुण्याच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५.५ किलोमीटर. स्केल फॅक्टर ०.००००९ की ०.०००००९ अशी शून्यं मोजत बसू नका. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा जीडीएएल या साधनसंचाच्या वार्प आज्ञेने डीईएम आणि चित्र दोन्ही यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (ईपीएसजी क्रमांक ३२६४३) आणा. पुनर्नमुना (नव्या जाळीवर आकडे बसवण्याची) पद्धत डीईएमसाठी ‘बायलिनिअर’ किंवा ‘क्यूबिक’ निवडा. जीडीएएल स्वतःहून ‘निअरेस्ट’ धरतं. त्याने उंचीत बारीक आडव्या-उभ्या शिवणी पडतात, आणि त्या प्रकाश टाकल्यावरच दिसतात.

आता सरकलेलं चित्र. ‘टेक्स्चर मॅप टू प्लेन’ फिल्टरमध्ये (टेक्स्चर म्हणजे वर पांघरलेलं चित्र) ‘ऑटोमॅटिक प्लेन जनरेशन’ अशी खूण असते, ती काढा. ती असली की सॉफ्टवेअर सगळ्या बिंदूंमधून जवळात जवळचं एक प्रतल स्वतःच शोधतं. वॉर्पनंतर हे केलं तर डोंगर ज्या बाजूला जास्त तिकडे ते प्रतल कलतं आणि चित्र तिरकं बसतं. त्याऐवजी तीन कोपरे हाताने भरा : ‘ओरिजिन’ म्हणजे चित्राचा नैर्ऋत्य कोपरा, ‘पॉइंट १’ आग्नेय, ‘पॉइंट २’ वायव्य. हे कोपरे चित्राचे हवेत, डीईएमचे नव्हेत. बरेच जण इथेच अडखळतात. डीईएमच्या पहिल्या आणि शेवटच्या पेशींचे (जाळीतल्या चौकोनांचे) मध्यबिंदू धरले, तर चित्र सर्व बाजूंनी अर्धी पेशी, म्हणजे १५ मीटर आक्रसतं. दहा मीटरच्या चित्रात ती दीड पिक्सेलची चूक आहे आणि गडाच्या तटाजवळ ती उघड दिसते. चित्राचे खरे कोपरे दिलेत, तर चित्र डीईएमपेक्षा मोठं असलं तरी बिघडत नाही. लहान असेल मात्र उरलेल्या भागावर तेच चित्र फरशीसारखं पुन्हा पुन्हा लागलेलं दिसेल.

ट्रान्सफॉर्मनंतर तुमचा डीईएम शून्यापासून सुरू होतो. चित्राचे कोपरे त्याच हिशेबात आणा. सिंहगडाजवळ यूटीएमचा पूर्वेकडचा आकडा ३ लाख ६८ हजारांच्या, तर उत्तरेकडचा २० लाख ३१ हजारांच्या आसपास असतो. डीईएमच्या नैर्ऋत्य पेशीच्या मध्यबिंदूचे आकडे चित्राच्या प्रत्येक कोपऱ्यातून वजा केले की झालं.

राहिलं उलटं चित्र. टिफ आणि पीएनजीच्या ओळी बहुधा वरून खाली लिहिलेल्या असतात, तर व्हीटीके, म्हणजे पॅराव्ह्यूखालची ग्राफिक्स लायब्ररी, शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात धरतं. रीडर कधी हे सांभाळून घेतो, कधी नाही. खात्री करायला खडकवासल्याचा जलाशय शोधा. तो सिंहगडाच्या उत्तरेला दिसला पाहिजे, आणि डीईएममध्ये सपाट पट्टा म्हणून तो ओळखू येतो. सपाट पट्टाच दक्षिणेला गेला असेल, तर डीईएम उलटा आहे. ट्रान्सफॉर्ममध्ये वायच्या स्केलला उणे चिन्ह द्या आणि त्यामुळे झालेलं सरकणं ‘ट्रान्सलेट’मध्ये भरून काढा. पट्टा बरोबर आणि फक्त निळं पाणी भलतीकडे असेल, तर चित्र उलटं आहे. ओरिजिनला वायव्य, पॉइंट १ ला ईशान्य आणि पॉइंट २ ला नैर्ऋत्य कोपरा द्या.

शेवटी रंग ‘सॉलिड कलर’ आणि तोही पांढराशुभ्र ठेवा. टेक्स्चर त्या रंगाने गुणलं जातं, त्यामुळे राखाडी ठेवलात तर चित्र मळकट दिसतं, आणि उंचीनुसार रंग ठेवलेत तर दोन्हींची खिचडी होते.

प्रश्न : ‘टेक्स्चर’चा पर्याय निवडताच येत नाही, फिकट दिसतो.

त्या वस्तूला टेक्स्चर निर्देशांक, म्हणजे कुठल्या बिंदूवर चित्राचा कुठला भाग बसवायचा ते आकडे, नाहीत. ‘टेक्स्चर मॅप टू प्लेन’ लावा आणि पाइपलाइनमध्ये तोच किंवा त्याच्या पुढचा फिल्टर निवडलेला आहे ना, ते बघा. मूळ फाइल निवडून पर्याय शोधला तर तो फिकटच दिसणार. ‘वॉर्प बाय स्केलर’च फिकट असेल तर कारण वेगळं : उंची बिंदूंवर नसून पेशींवर आहे. मध्ये ‘सेल डेटा टू पॉइंट डेटा’ घाला.

प्रश्न : इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून घेतलेला कार्टोडीईएम आणि नासाचा एसआरटीएम हे दोन डीईएम जोडून वेल्हे-भोरचा नकाशा केला. जोडावर साठेक मीटरचा कडा तयार झाला. सॉफ्टवेअरमध्ये ‘स्मूथ’ करून तो जाईल का? (धायरी)

करू नका. कडा पुसट होईल, पण अर्धा तोरणा साठ मीटर खालीच राहील.

एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या गुरुत्वीय समपातळीवरून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीवरून मोजलेली असते. कार्टोडीईएमची उंची डब्ल्यूजीएस ८४ च्या गणिती लंबवर्तुळाभावरून असते. भारतात समपातळी या लंबवर्तुळाभाच्या बरीच खाली आहे. पुण्याच्या आसपास हा फरक साठ-सत्तर मीटर भरतो. त्यामुळे कार्टोडीईएममध्ये त्याच ठिकाणाची उंची तेवढी कमी दिसते. जीडीएएलच्या वार्पमध्ये स्रोत आणि लक्ष्य दोन्हींच्या निर्देशांक प्रणालीत उभं मानक (उंची कशापासून मोजली ते) लिहिलं आणि ईजीएम ९६ ची ग्रिड फाइल बसवलेली असली, की रूपांतर पेशीगणिक होतं. लहान क्षेत्रासाठी रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एकच स्थिर आकडा मिळवूनही भागतं, पण तो अंदाजाने घेऊ नका. दोन्ही डीईएममध्ये असलेल्या सपाट, उघड्या जागेवरचा फरक काढा. जलाशय टाळा, तिथे पाण्याची पातळी दोन्ही वेळची वेगळी.

तपासायला तोरणा चांगला : माथा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर. ३० मीटरच्या डीईएममध्ये माथे थोडे बोथट होतात म्हणून दहा-वीस मीटर कमी आले तर चालेल. सत्तर-ऐंशी कमी आले तर रूपांतर झालेलं नाही. आरटीके किंवा पीपीके (अचूक जीपीएस दुरुस्ती असलेल्या) ड्रोनचं भूरूप ‘जमिनीत गाडलेलं’ दिसतं, तेही बहुधा याच कारणाने.

प्रश्न : सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र डोंगरावर टाकलं की पूर्ण काळं येतं. क्यूजीआयएसमध्ये तेच छान दिसतं.

क्यूजीआयएस दाखवताना चित्राचे आकडे आपणहून ताणून उजळ करतं, टेक्स्चरला ते मिळत नाही. सेंटिनेलचं चित्र १६ बिटचं असतं आणि जमिनीचे आकडे ६५,५३५ च्या मानाने फार लहान असतात. जीडीएएलच्या ट्रान्सलेटमध्ये ‘स्केल’ पर्यायाने ० ते ३,००० ला ० ते २५५ वर आणा, प्रकार ‘बाइट’ ठेवा, बॅण्ड ४, ३, २ (लाल, हिरवा, निळा) या क्रमाने घ्या आणि पीएनजी करा. जानेवारी २०२२ नंतरच्या प्रक्रियेत सगळ्या आकड्यांत १,००० मिळवलेले असतात. त्या चित्रांना १,००० ते ४,००० घ्या, नाहीतर सगळं धुक्यात बुडाल्यासारखं दिसेल. मावळातली पावसाळ्यानंतरची हिरवी चित्रं असतील तर वरची मर्यादा आणखी पाचशेने उतरवून बघा.

प्रश्न : पूर्ण सेंटिनेल तुकडा टेक्स्चर म्हणून दिला तर ऑफिसच्या संगणकावर चालतो, घरच्या जुन्या लॅपटॉपवर पांढरा पडदा दिसतो. (हिंजवडी)

तुकडा १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेलचा असतो. बऱ्याच जुन्या अंगभूत ग्राफिक्सची टेक्स्चरची कमाल मर्यादा ८,१९२ आहे, नव्या कार्डांची १६,३८४ किंवा त्याहून जास्त. मर्यादेबाहेर गेलं की काही ड्रायव्हर तक्रार करतात, काही मुकाट पांढरं दाखवतात. शिवाय असं एक चित्र मेमरीत चार बाइट प्रति पिक्सेल धरून सुमारे ४८२ मेगाबाइट घेतं. पीएनजी फाइल डिस्कवर लहान असते म्हणून फसू नका, कार्डावर ती उलगडूनच जाते.

चित्र लहान करण्याआधी कापा. तुम्हाला सिंहगड-राजगड पट्टा हवा असेल, तर ३० किलोमीटरला ३,००० पिक्सेल पुरतात आणि एकही बारकावा जात नाही.

प्रश्न : राजगडाच्या कड्यांवर चित्र ओघळल्यासारखं, उभ्या रेघांत ताणलेलं दिसतं. आणि उतारांवर पायऱ्या दिसतात. डीईएम खराब आहे का? (गिर्यारोहक, सदाशिव पेठ)

ओघळ आणि पायऱ्या वेगळ्या करून पाहू.

चित्र वरून घेतलेलं असतं, कड्याचं तोंड त्याला दिसलेलंच नसतं. ३० मीटरच्या एका पेशीत जमीन १२० मीटर उतरली, तर त्या उताराची लांबी सुमारे १२४ मीटर होते. दहा मीटरच्या चित्रात त्या पेशीवर आडवे तीनच पिक्सेल येतात, म्हणजे प्रत्येकाला ४१ मीटर ताणावं लागतं. टेक्स्चर कितीही मोठं केलं तरी नसलेली माहिती येणार नाही. उपाय करायचाच तर उतार काढा आणि साधारण ५० अंशांपुढच्या भागावर चित्राऐवजी साधा खडकाचा करडा-तपकिरी रंग द्या. नकाशा म्हणून हे जास्त प्रामाणिक दिसतं. कड्यांचंच काम असेल, तर ड्रोन कॅमेरा तिरका धरून घेतलेल्या चित्रांपासून बनवलेला जाळीचा नमुना लागेल. त्याचे टेक्स्चर निर्देशांक त्याच्या फाइलमध्येच असतात, त्यावर ‘टेक्स्चर मॅप टू प्लेन’ लावून ते घालवू नका.

पायऱ्यांबाबत जरा थांबा, त्या खऱ्या असू शकतात. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. कठीण थर कड्यासारखे उरतात, मऊ थर झिजून मागे सरतात, आणि डोंगराला एकाखाली एक सपाट पट्टे पडतात. राजगडाच्या माच्यांखाली हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. अशा पायऱ्यांची उंची सारखी नसते, कुठे दहा मीटर, कुठे साठ, आणि एकच पट्टा शेजारच्या सोंडेवरही साधारण त्याच उंचीवर सापडतो.

खोट्या पायऱ्यांना शिस्त फार. एसआरटीएमच्या उंच्या पूर्ण मीटरमध्ये असतात, त्यामुळे गुंजवणीच्या खोऱ्यासारख्या सपाट भागात बरोबर एकेक मीटरच्या पायऱ्या पडतात. समोच्च रेषांवरून बनवलेल्या डीईएममध्ये त्या दहा किंवा वीस मीटरवर येतात. ओळखायला उंचीचा हिस्टोग्राम (कुठली उंची किती पेशींत आहे याचा आलेख) काढा : ठरावीक अंतरावर उंच खांब दिसले की पायऱ्या खोट्या. मग डीईएम फ्लोट ३२ (दशांश आकड्यांच्या) प्रकारात बदला, त्यानंतरच पुनर्नमुना करा, आणि हवं तर तीन गुणिले तीनची हलकी सरासरी घ्या. सबंध डीईएमवर जोरात सरासरी फिरवलीत, तर खऱ्या माच्याही पुसल्या जातील.

प्रश्न : उजेड विचित्र वाटतो. दऱ्या उंच आणि धारा खोल दिसतात.

चित्रात सावल्या आधीच आहेत. सेंटिनेल-२ आपल्यावरून स्थानिक सौर वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येकडे पडतात. हिलशेडमध्ये (डीईएमवरून काढलेल्या छायांकित नकाशात) मात्र उजेड सवयीने वायव्येकडून, ३१५ अंशांवरून ४५ अंश उंचीने दिलेला असतो. एकाच उतारावर चित्र अंधार दाखवतं आणि सॉफ्टवेअर उजेड टाकतं. डोळ्यांना उजेड वरून-डावीकडून येतो असं वाटण्याची सवय असल्याने दरी फुगते. पॅराव्ह्यूचे दिवे तर कॅमेऱ्यासोबत फिरतात, म्हणून नमुना फिरवला की गोंधळही फिरतो.

चित्र पांघरलेलं असताना सॉफ्टवेअरचा उजेड बंद ठेवावा हे आमचं मत. ‘अँबियंट’ १, ‘डिफ्यूज’ ०, ‘स्पेक्युलर’ ०. उठाव कमी वाटला तर डिफ्यूज ०.३ पर्यंत न्या आणि दिवा चित्राच्याच सूर्याच्या दिशेला लावा. सूर्याचा दिगंश आणि शिरोबिंदूपासूनचा कोन चित्रासोबतच्या मेटाडेटा फाइलमध्ये असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, हे ड्रोनवाल्यांनी लक्षात ठेवावं. त्या दिवसांत भर दुपारी घेतलेल्या चित्रांत सावल्या दक्षिणेकडे असतात.

प्रश्न : ट्रेकची वाट डोंगरावर टाकली की लुकलुकते, मध्येच गायब होते.

रेघ आणि जमीन एकाच खोलीवर आल्याने कार्डाला पुढचं-मागचं ठरवता येत नाही. जीपीएक्स फाइलमधली (जीपीएसने नोंदवलेली) उंची सोडून द्या. क्यूजीआयएसच्या ‘ड्रेप’ साधनाने डीईएममधून उंची घ्या, रेघेवर दर १० मीटरला बिंदू घाला आणि सगळं ५ मीटर वर उचला. बिंदू विरळ असले तर दोन बिंदूंमधली सरळ रेघ सोंडेच्या पोटातून जाते, तिथे वाट गायब होते. पॅराव्ह्यूमध्ये रेघेला ‘ट्यूब’ लावली तर लुकलुक आणखी कमी होते.

पाच सेंटिमीटरच्या ड्रोनचित्रात लुकलुकीसोबत सगळाच नमुना थरथरत असेल, तर कारण निर्देशांकांचा आकार. वीस लाखांच्या घरातला आकडा सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटच्या दशांश आकड्यात) साडेबारा सेंटिमीटरच्या टप्प्यांनीच साठतो. वर सांगितल्याप्रमाणे स्थानिक शून्य घ्या.

प्रश्न : क्यूजीआयएसच्या थ्रीडी खिडकीत डोंगर गुळगुळीत ढेकळासारखे दिसतात, चित्रही धूसर.

भूरूपाच्या सेटिंगमध्ये ‘टाइल रिझोल्यूशन’ मुळात १६ असतं, ६४ करा. चित्रासाठी ‘मॅप टाइल रिझोल्यूशन’ ५१२ वरून १,०२४ करा. कडेला उभ्या भिंती दिसत असतील तर त्या ‘स्कर्ट’ आहेत, टाइलांमधल्या फटी झाकायला असतात; उंची कमी करा, पण शून्य करू नका.

प्रश्न : माउस फिरवताना डोंगर ओबडधोबड होतो, सोडला की ठीक होतो. आणि ‘रीसेट कॅमेरा’ केलं की सगळं एका पातळ पट्टीत जातं.

पहिली गोष्ट मुद्दाम केलेली आहे. वस्तू ठरावीक आकाराच्या वर गेली की पॅराव्ह्यू फिरवताना तिची हलकी आवृत्ती दाखवतं. सेटिंग्जमध्ये ‘रेंडर व्ह्यू’खाली ‘एलओडी थ्रेशोल्ड’ वाढवा. दुसरी गोष्ट म्हणजे डीईएममधली भोकं. त्यांचा आकडा उणे ३२,७६८ असतो आणि वॉर्प त्यालाही उंची समजतं, म्हणून तेहतीस किलोमीटर खोल खड्डे पडतात. बाउंड्समध्ये तो आकडा स्पष्ट दिसेल. जीडीएएलच्या ‘फिल नोडेटा’ने भोकं आधीच बुजवा.

प्रश्न : कॉलेजच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने पॅराव्ह्यू उघडतच नाही, ओपनजीएलची (ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या प्रणालीची) सूचना येते.

पॅराव्ह्यूला किमान ओपनजीएल ३.२ लागतं, आणि रिमोट डेस्कटॉपमधून ते नेहमी मिळत नाही. मेसा लायब्ररीचं सॉफ्टवेअर रेंडरिंग (कार्डाशिवाय प्रोसेसरवर चित्र काढणं) वापरलं तर खिडकी उघडेल, पण मोठा डीईएम रखडेल. सर्व्हरवर ‘पीव्हीसर्व्हर’ (पॅराव्ह्यूचाच सर्व्हरवर चालणारा भाग) चालवा आणि आपल्या लॅपटॉपवरच्या पॅराव्ह्यूने त्याला जोडा. पोर्ट मुळात ११,१११ असतं आणि ते बहुधा कॉलेजच्या फायरवॉलमध्ये उघडून घ्यावं लागतं. दोन्हीकडची आवृत्ती एकच हवी. ५.११ ला ५.१२ जोडायला गेलात, तर जोडणी नाकारली जाईल.